मान द्यावा, सही जपावी : मनमानी वरिष्ठाच्या हाताखाली नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

विदर्भात गावाकडे नोकरीला लागणारी मुले-मुली बहुधा लहान ठिकाणीच लागतात. तालुक्याच्या रस्त्यावरची जिनिंग (कापसातून सरकी म्हणजे बी वेगळे काढणारा कारखाना), गावची सेवा सहकारी सोसायटी, पतसंस्थेची शाखा, कृषी सेवा केंद्र, खासगी संस्थेची शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रातील कंत्राटी पद किंवा ग्रामपंचायतीतील संगणक परिचालकाची जागा, अशी ही ठिकाणे असतात. तेथे पाच-पंधरा माणसे काम करतात आणि सगळे एकाच माणसाच्या शब्दावर चालते. तो माणूस चांगला निघाला तर दोन वर्षांत शहरातल्या नोकरीत चार वर्षांत मिळणार नाही इतके शिकायला मिळते. तो आपमतलबी निघाला, किंवा पान हलले तरी आपल्याला विचारूनच हलावे असे मानणारा निघाला, तर नवख्या माणसाचे फार नुकसान होते, आणि ते बहुतेक वेळा त्याला उशिरा कळते.

मी स्वतः सव्वीस वर्षे अशाच ठिकाणी, आधी लिपिक आणि नंतर हिशेबनीस म्हणून काढली आहेत. शहरात अशा प्रसंगी जो सल्ला देतात तो असा असतो की, पटत नसेल तर सोडा आणि दुसरीकडे जा. आपल्याकडे हा सल्ला अर्धाच उपयोगी पडतो. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष हेच सोसायटीचे संचालक असतात आणि वडिलांच्या पीककर्जाच्या वेळी त्यांचा शब्द लागतो, मालकाच्या कृषी केंद्रात घरची बियाण्या-खताची उधारी दिवाळीपर्यंत चाललेली असते, आणि आपली एखादी आत्या त्यांच्याच भावकीत दिलेली असते. त्यामुळे कचेरीतले भांडण कचेरीत राहत नाही, ते संध्याकाळपर्यंत घरी पोहोचते. म्हणून येथे नवख्याने पहिल्या दिवसापासून एकच धोरण ठेवावे असे माझे मत आहे. माणसाला मान पूर्ण द्यावा, कामात कसर ठेवू नये, परंतु आपली सही, आपला पासवर्ड आणि आपली मूळ कागदपत्रे कोणाच्याही हवाली करू नयेत. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच धोरणातून निघतात.

पहिली पायरी : रुजू होताना

रुजू होताना आनंद इतका असतो की समोर येईल त्या कागदावर आपण सही करतो. आपमतलबी माणसाला हे पक्के ठाऊक असते. म्हणून रुजू होण्याआधी घरी बसून स्वतःला बजावून ठेवा की कोऱ्या कागदावर, कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या स्टॅम्प पेपरवर आणि तारीख नसलेल्या राजीनाम्यावर सही करायची नाही. दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका आणि पदवीचे मूळ प्रमाणपत्र दाखवायचे, त्याची साक्षांकित प्रत द्यायची आणि मूळ कागद त्याच दिवशी परत घरी आणायचे. "सगळ्यांचेच कागद आमच्याकडे जमा आहेत" असे उत्तर मिळाले तर, "बँकेच्या कामासाठी घरी लागतात, आपण म्हणाल तेव्हा पुन्हा दाखवायला आणतो," एवढे नम्रपणे म्हणणे पुरते.

खासगी शाळांत तारीख न घातलेला राजीनामा आधीच घेऊन ठेवण्याची तक्रार जुनी आहे. शाळेत लागणाऱ्यांनी म्हणून एक गोष्ट समजून घ्यावी. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ याच्या कलम ७ मध्ये राजीनाम्याची रीत सांगितलेली आहे. राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्ही प्रतींवर सही करून तारीख घालायची, एक प्रत व्यवस्थापनाला नोंदणीकृत टपालाने पाठवायची आणि दुसरी स्वतःजवळ ठेवायची. तसा कोरा राजीनामा आधीच दिला गेला असेल तर घाबरून बसू नका. तो कोणत्या दिवशी, कोणासमोर घेतला गेला हे आजच लिहून ठेवा. सेवेतून काढल्याचा आदेश हातात पडला तर त्याच अधिनियमाच्या कलम ९ प्रमाणे शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येते. हे दिवस "अध्यक्षसाहेबांना भेटून बघू" यात कसे निघून जातात ते कळत नाही. अध्यक्षांना जरूर भेटा, परंतु दिवस मोजत राहा.

नेमणूकपत्र मागणे हा उद्धटपणा नाही. देशात चार श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या असून त्यांत नेमणूकपत्र देणे ही मालकाची जबाबदारी मानली आहे. त्यांपैकी वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत मिळायला हवा. पगार हातात न घेता बँक खात्यातच घ्या. खात्यात जमा होणारी रक्कम वेगळी आणि सही घेतली जाणारी रक्कम वेगळी असेल, किंवा खात्यात आलेल्या पगारातून काही रक्कम रोख परत मागितली जात असेल, तर आपण कोणत्या माणसाच्या हाताखाली आहोत हे पहिल्याच महिन्यात समजले असे धरा.

दुसरी पायरी : कडक माणूस आणि मतलबी माणूस वेगळा ओळखा

ही पायरी मी मुद्दाम सविस्तर लिहितो, कारण येथे नवखे लोक सर्वांत जास्त चुकतात. ओरडणारा प्रत्येक साहेब वाईट नसतो आणि पाठीवर हात ठेवून "तू माझ्या पोरासारखा" म्हणणारा प्रत्येक साहेब चांगला नसतो. माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त माणसे गोड बोलणाऱ्यांनी अडकवली.

कापूस खरेदीच्या केंद्रावरचे उदाहरण घ्या. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) हमीभाव खरेदीत कापसातील ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असेल तर पूर्ण भाव मिळतो, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान ओलाव्याच्या प्रमाणात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतला जात नाही. एखादा ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, दिवसभर तुमच्यावर खेकसतो, प्रत्येक गाडीत तीन-तीन ठिकाणी मीटर लावायला लावतो आणि तेरा टक्क्यांची गाडी आत घेतली म्हणून चार लोकांत तुमची खरडपट्टी काढतो. असा माणूस नकोसा वाटतो. परंतु त्याच्या साडूची गाडी आली आणि तीही त्याने परत पाठवली, तर तो कडक आहे, मतलबी नाही. त्याच्याकडून काम शिकून घ्या आणि बोलणे मनाला लावून घेऊ नका. याउलट, सगळ्यांना हसून बोलणारा दुसरा एखादा माणूस ओळखीच्या गाडीच्या वेळी मीटर स्वतःच्या हातात घेतो आणि आकडा मात्र तुमच्या अक्षरात लिहून घेतो. त्याच्यापासून जपून राहा.

तीन गोष्टी दोन-तीन महिने शांतपणे पाहिल्या की माणूस कळतो. जो नियम तो तुम्हाला लावतो तो त्याला स्वतःला आणि त्याच्या माणसांना लागतो का? चूक झाली तर कागदावर नाव कोणाचे येते आणि काम चांगले झाले तर सभेत नाव कोणाचे घेतले जाते? आणि शिक्का, गोदामाची किल्ली, हजेरीपट, जावक नोंदवही या वस्तू कोणाजवळ राहतात? ज्याला सगळ्या किल्ल्या आपल्या खिशात हव्या असतात, पण सही मात्र दुसऱ्याची हवी असते, त्याच्यापाशी काहीतरी दडलेले असते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगायला हवी. तालुक्याच्या पातळीवरचा साहेब पुष्कळदा स्वतःच वरच्या दडपणाखाली असतो. जिल्ह्याहून रोज आकडे मागितले जातात, बैठकीत चार लोकांसमोर अपमान होतो आणि तो ताण खाली उतरतो. अशा माणसाला माहिती वेळेवर आणि न मागता दिली की त्याची पकड हळूहळू सैल होते. रोज सकाळी "काल इतके झाले, आज इतके राहिले" एवढे दोन ओळींत कळवायची सवय लावून पाहा. भीतीपोटी मुठीत ठेवणारा माणूस याने निवळतो. स्वार्थापोटी मुठीत ठेवणारा निवळत नाही, उलट इतकी स्वच्छ माहिती लेखी येऊ लागली म्हणून तो अस्वस्थ होतो. दोघांतला फरक ओळखण्याचा याहून सोपा उपाय मला सापडलेला नाही.

तिसरी पायरी : स्वतःची वही

माझ्यावर आलेला प्रसंग येथे सांगतो. यवतमाळ जिल्ह्यातील एका जिनिंगमध्ये मी पहिल्यांदा लागलो तेव्हा बावीस वर्षांचा होतो. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की काट्यावर रात्री अकरापर्यंत गाड्या उभ्या असायच्या. व्यवस्थापक संध्याकाळी साठ्याचे रजिस्टर घेऊन यायचे, खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "सही मार बापा इथं, आकडे मी रात्री भरतो." मी सही करीत होतो. ते मला नाष्टा देत होते, माझ्या वडिलांची विचारपूस करीत होते आणि मला त्यांच्याविषयी आदर वाटत होता.

एक क्विंटल कापूस रेचला, म्हणजे त्यातली सरकी वेगळी काढली, तर साधारण तेहतीस-चौतीस किलो रुई निघते, उरलेल्यात बहुतेक सगळी सरकी असते आणि थोडी घट जाते. रुईच्या गाठी मोजलेल्या असतात, एक गाठ १७० किलोची धरतात, त्यामुळे तेथे गडबड लवकर दिसते. सरकी आणि घट यांच्या मध्ये मात्र पुष्कळ काही लपवता येते. मार्चमध्ये मालकाने हिशेब काढला तेव्हा सरकीचे चाळीस क्विंटल कमी भरले आणि त्या सर्व पानांवर सही माझी होती. व्यवस्थापक माझ्याकडे पाहून म्हणाले, "पोट्टं नवीन आहे, चुकलं असन." मला दरदरून घाम फुटला.

त्या दिवशी मला वाचवले ते हमालांच्या मुकादमाने. हमाली पोत्यांवर मिळते, म्हणून तो आपल्या टोळीने कोणत्या तारखेला, कोणत्या गाडीत, किती पोती सरकी भरली हे एका मळक्या चोपडीत लिहून ठेवीत असे. त्यात अशा सहा गाड्या निघाल्या ज्यांची रजिस्टरमध्ये नोंदच नव्हती आणि त्या गाड्या निघताना काट्यावर कोण उभे होते हेही त्यात होते. मी नंतर त्याला विचारले की एवढे कसे लिहून ठेवता, तेव्हा तो सहज म्हणाला, "माह्या पोट्ट्यायची मजुरी आहे थे बाबू, इसरलो त कसं चालन?" त्याचे शिक्षण चौथीपर्यंत झाले होते आणि मी बी.कॉम. होतो.

तेव्हापासून मी वही ठेवतो आणि तुम्हीही ती रुजू झाल्याच्या दिवसापासून ठेवावी. बांधणीची वही घ्या, सुट्या पानांची नको. पानांना क्रमांक घाला, पेनाने लिहा, मध्ये जागा सोडू नका आणि वही घरी ठेवा. नोंदीत विशेषणे नकोत. "साहेब फार नीच आहेत" या वाक्याचा पुढे काही उपयोग होत नाही. नोंद अशी हवी : "मंगळवार, दुपारी ३.१०. शाखाधिकाऱ्यांनी सांगितले की आज जमा झालेल्या रकमेची पावती उद्याच्या तारखेने करावी. शिपाई उपस्थित. मी म्हणालो, आजच्याच तारखेने करतो. आजच्या तारखेने केली." तारीख, वेळ, बोललेले शब्द, उपस्थित माणसे आणि तुम्ही प्रत्यक्ष काय केले, एवढे पुरे.

एक सावधगिरी सांगणे भाग आहे. वही ही तुमच्या कामाची आठवण आहे. ती कचेरीच्या दप्तराची नक्कल होऊ देऊ नका. खातेदारांची नावे आणि शिल्लक, रुग्णांची माहिती किंवा रजिस्टरच्या पानांचे फोटो घरी नेऊ नका, कारण उद्या हाच तुमच्यावरचा आरोप होऊ शकतो.

चौथी पायरी : तोंडी हुकूम कागदावर आणणे

मतलबी वरिष्ठ जोखमीची गोष्ट कधीही लिहून देत नाही. तो ती चालता चालता सांगतो, गाडीत बसताना सांगतो किंवा दुसऱ्याकरवी निरोप पाठवतो. तुम्ही "लेखी द्या" म्हणालात तर तो चिडेल आणि तुम्हाला अडेल ठरवेल. म्हणून लेखी मागू नका, स्वतःच लिहून कळवा. त्याच दिवशी असा संदेश पाठवा : "नमस्कार साहेब. आज सकाळी आपण सांगितल्याप्रमाणे गोदाम क्रमांक २ मधील खताची पोती मोजून घेत आहे. मोजणी झाल्यावर आकडा कळवतो. काही बदल असल्यास सांगावे." यात तक्रार नाही, संशय नाही, उलट तत्परता दिसते. हुकूम वाजवी असेल तर त्याला काही वाटणार नाही. वाजवी नसेल तर बहुतेक वेळा लगेच फोन येतो आणि "असू दे, राहू दे ते" असे ऐकायला मिळते.

शासकीय सेवेत असलेल्यांच्या पाठीशी तर नियमच आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत वरिष्ठाच्या निदेशानुसार काम करताना तो निदेश शक्यतो लेखी घ्यावा आणि आधी तोंडी मिळाला असेल तर नंतर लवकरात लवकर त्याची लेखी पुष्टी घ्यावी, अशी अपेक्षा आहे. टिप्पणी लिहिताना "मा. अधिकारी महोदयांच्या दि. अमुक रोजीच्या तोंडी निर्देशानुसार सादर" हे शब्द घालायला शिका.

आता सहीच्या जोडीला पासवर्ड, ओटीपी आणि डिजिटल स्वाक्षरीचे डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे उपकरण) आले आहे. ग्रामपंचायतीत पुष्कळ ठिकाणी सरपंचांचे आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचे डोंगल परिचालकाच्याच टेबलाच्या खणात पडलेले असते. तो विश्वास आहे असे वाटून घेऊ नका, ती जबाबदारी नकळत तुमच्या गळ्यात आलेली आहे. काम झाले की डोंगल ज्याचे त्याच्या हातात द्या, शक्य तर साध्या वहीत दिल्याची आणि घेतल्याची नोंद ठेवा, आणि स्वतःचा पासवर्ड "तू नसलास तर काम अडते" या कारणासाठीसुद्धा देऊ नका.

पाचवी पायरी : उचल घेऊ नका

मृग लागला की पेरणीला पैसे लागतात, बहिणीचे लग्न ठरते, आजारपण येते. अशा वेळी मालक न मागता वीस हजार रुपये काढून देतो, व्याजही घेत नाही, आणि घरचे त्याला देवमाणूस म्हणतात. मी हे खोटे म्हणत नाही, काही माणसे खरोखरच मनापासून देतात. परंतु आपमतलबी माणसासाठी उचल हा सर्वांत स्वस्त दोर आहे. त्यानंतर रविवारचे काम सुरू होते, मग त्याच्या शेतातली मोजणी, मग त्याच्या मुलांची शिकवणी, आणि एखाद्या दिवशी नको त्या कागदावर सही मागितली जाते तेव्हा नाही म्हणायला तोंड राहत नाही. दोन वर्षांनी हिशेब विचारला तर "अजून बाकी आहे" एवढेच उत्तर मिळते.

शक्य असेल तोपर्यंत गरज आईच्या बचत गटातून, बँकेतून किंवा नात्यातून भागवा. उचल घ्यावीच लागली तर रक्कम, तारीख आणि दरमहा कपात किती, हे दोघांच्या सहीने लिहून घ्या आणि प्रत्येक कपातीची नोंद पगारपत्रकात दिसते की नाही ते पाहा. घरी वडिलांनाही स्पष्ट सांगून ठेवा की माझ्या नोकरीच्या ओळखीवर मालकाकडून परस्पर पैसे घेऊ नका. हे सांगणे जड जाते, पण पुढे पडणाऱ्या ओझ्यापेक्षा ते हलकेच असते.

याच ओघात घरच्या कामांविषयीही सांगतो. साहेबांच्या घरी मयत झाली तर जावे, मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहावे, ही गावाची रीत आहे आणि ती पाळण्यात कमीपणा नाही. कामाच्या वेळेत, वारंवार आणि हुकूम म्हणून सांगितली जाणारी कामे मात्र वेगळी. तेथे रागाने नाही म्हणण्यापेक्षा हातातले काम पुढे करा : "साहेब, जातो ना. पण आज चारपर्यंत बँकेत भरणा द्यायचा आहे, तो राहिला तर चालेल का?" निर्णय त्याच्यावर सोपवला की पुष्कळदा तोच मागे सरतो.

सहावी पायरी : मन आणि सोबत

अशा माणसाखाली लोक काय करतात हे मी वर्षानुवर्षे पाहिले. कोणी हांजी हांजी करून जवळ जातो आणि पुढे त्याच्याच पापात भागीदार ठरतो. कोणी सहकाऱ्यांच्या चहाड्या करून आपली बाजू राखतो. बहुतेक जण गप्प होतात, जेवढ्यास तेवढे काम करतात आणि मनातल्या मनात कुढतात. हे गप्प होणे समजण्यासारखे आहे, मी त्याला भित्रेपणा म्हणणार नाही, पण त्याची किंमत काम शिकण्याच्या वयात फार पडते. काही जण मुद्दाम काम बिघडवतात, आणि त्याचा त्रास साहेबाला होत नाही, तो उन्हात रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याला होतो. कितीही राग आला तरी एवढे करू नये.

सोबत हवी, पण ती चहाच्या टपरीवर शोधू नका. तेथे बोललेले अर्ध्या तासात पोहोचते. कचेरीत कोण कोणाचा भाचा, कोण कोणाच्या गावचा, हे आधी समजून घ्या. बहुतेक ठिकाणी एखादा निवृत्तीला आलेला शिपाई किंवा लिपिक असतो, ज्याने पाच साहेब पाहिलेले असतात आणि ज्याला काही नको असते. त्याच्याजवळ बसा. मागणी मांडायची वेळ आली तर एकट्याने जाऊ नका. तिघा-चौघांनी मिळून जावे, एकच मुद्दा घ्यावा आणि तो सर्वांच्या कामाचा असावा. "पगार ७ तारखेच्या आत व्हावा" हा मुद्दा टिकतो. "साहेब आमच्याशी नीट बोलत नाहीत" हा मुद्दा दोन मिनिटांत हसण्यावारी जातो, खरा असला तरी.

सातवी पायरी : तक्रार करावी लागली तर

तक्रार हे शेवटचे पाऊल आहे, पण वेळ आली तर मागे राहू नका. तक्रार कोठे करायची हे कामाच्या ठिकाणावर ठरते. पगार थकला किंवा कमी दिला तर जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकारी कार्यालयात जावे. सोसायटी किंवा पतसंस्थेच्या कारभाराबद्दल तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे अर्ज द्यावा. शासकीय कामात लाच मागितली जात असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा निःशुल्क क्रमांक आहे. भविष्य निर्वाह निधीचे पैसे कापले जातात पण भरले जात नाहीत अशी शंका असेल तर आपला यूएएन (निधी खात्याचा कायमचा क्रमांक) घेऊन मोबाइलवर पासबुक पाहा. वीस किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू असतो आणि तुमच्या कपातीइतकाच वाटा मालकानेही भरायचा असतो. शासकीय कार्यालयातील कागद हवा असेल तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली दहा रुपयांच्या शुल्कात अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. मात्र स्वतःच्याच कार्यालयात अर्ज टाकण्याआधी त्याचे परिणाम घरच्यांशी बोलून घ्या.

मुलींसाठी वेगळे सांगतो. रात्री विनाकारण येणारे फोन, एकटीला थांबवून घेणे, अंगचटीला येणे, सूचक बोलणे हे "साहेबांचा स्वभाव" म्हणून सोडून द्यायचे नसते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे. माणसे दहापेक्षा कमी असतील, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची असते, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. आलेले संदेश पुसू नका आणि घरात एका तरी बाईमाणसाला पहिल्याच दिवशी सांगा.

वकिलाच्या खर्चाची भीती वाटते म्हणून पुष्कळ जण थांबतात. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. महिलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना आणि औद्योगिक कामगारांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळू शकते. मेळघाटातल्या धारणीच्या माणसाला घाट उतरून अमरावती गाठायला दीडशेच्या आसपास किलोमीटर जावे लागते, तेव्हा प्रत्येक अर्ज स्वतः नेऊन देणे जमत नाही. अशा वेळी स्पीड पोस्टाने पाठवावे आणि खिडकीवर नोंदणी व पोच मागून घ्यावी, कारण जुनी रजिस्टर सेवा आता स्पीड पोस्टातच विलीन झाली आहे. हाती नेऊन दिलात तर दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय तेथून उठू नका.

आठवी पायरी : सोडताना

सगळे करून पाहिले आणि तब्येतीवर परिणाम होऊ लागला, झोप उडाली, घरच्यांवर चिडचिड होऊ लागली, तर सोडण्यात हार नाही. मात्र रागाच्या भरात सोडू नका. माझा एक सहकारी डिसेंबरच्या ऐन हंगामात, सगळ्यांसमोर झालेला अपमान सहन न होऊन, गोदामाच्या किल्ल्या टेबलावर फेकून निघून गेला. त्याचा राग रास्त होता. पण चार्ज दिल्याची यादी झाली नव्हती, आणि नंतर गोदामात जे जे कमी निघाले ते त्याच्या नावावर लिहिले गेले. त्याला ते निस्तरायला दीड वर्ष लागले.

सोडायचे ठरले की आधी दुसरी जागा किंवा निदान सहा महिन्यांचा घरखर्च पाहा. राजीनाम्यात कारण एका ओळीत आणि सौम्य लिहा, तारीख घाला आणि पोच घ्या. नोकरी संपल्यावर दोन कामाच्या दिवसांत राहिलेले वेतन द्यावे असे वेतन संहिता सांगते. त्याची आठवण लेखी करून द्या. अनुभवाचे प्रमाणपत्र त्याच आठवड्यात मागा, हंगाम संपल्यावर ते मिळणे अवघड होते. आणि चार्ज यादी स्वतः तयार करा : प्रत्येक रजिस्टरचे नाव, ते कोणत्या पानापर्यंत लिहिलेले आहे, किल्ल्या किती, रोख शिल्लक किती, गोदामात मोजून काय आढळले, संगणकाचा ताबा कोणाला दिला. यादीच्या प्रत्येक पानावर देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही घ्या. साहेब सही करायला टाळाटाळ करतील तर ती यादी पत्रासोबत स्पीड पोस्टाने मालकाच्या नावे पाठवा. तुमच्या जागी नवा मुलगा किंवा मुलगी आली असेल तर तिलाही एक प्रत द्या, आणि कोणत्या पानापर्यंतची सही तुमची आहे ते रजिस्टर उघडून तिला दाखवा.